पायाळू बाईची पाठ

लाथ मारायच्या आधी ती शिवी द्यायची. शिवीशिवाय लाथ लागू पडत नाही, असं तिचं म्हणणं. आणि शिवीही तोंडातल्या तोंडात नाही, गल्लीच्या टोकाला पिठाच्या गिरणीत ऐकू जाईल अशी. "निघ मेल्या! माणूस हाईस का बैल? पाठीत नांगर घालून घेतला का काय?" मग डाव्या पायाची टाच. अंगणात पालथा पडलेला गडी विव्हळायचा, तोवर ती पाठ फिरवून चुलीकडे गेलेली असायची. गड्यानं उठायचं, मागे न बघता फाटकाबाहेर पडायचं. तोंडातून शब्द काढायचा नाही. पाया पडायचं नाही, 'बरं वाटलं' म्हणायचं नाही.

"आभार मानले की उसण माघारी येती," ती सांगायची.

हा नियम कुणी केला मला माहीत नाही. गावाला मात्र तो फार सोयीचा होता. बाईकडून पाठ मोकळी करून घ्यायची आणि तिला काही म्हणायचंही नाही.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. हंडा उचलताना, पोतं पाठीवर घेताना, कधी नुसतं शिंकताना कमरेत अशी कळ येते की माणूस वाकलेला असेल तर वाकलेलाच राहतो. ती उसण. आणि आईच्या पोटातून डोक्याआधी ज्याचे पाय बाहेर आले तो पायाळू. पायाळूनं पाठीत लाथ मारली की उसण निघते, अशी आमच्याकडे समजूत आहे. बाकीचे पायाळू लाजत लाजत अंगठा टेकवतात. हिनं कधी टेकवला नाही.

"टेकवायचा असता तं लाथ काऊन म्हन्ले असते?"

हसनाबादला मी जालन्याहून आले ती आमच्या संघटनेचं काम घेऊन. गंडेदोरे, उतारे, अंगात येणं, असल्या गोष्टींविरुद्ध पत्रकं लिहायची, बाजारात आणि शाळेत वाटायची, शिव्या खायच्या. एकट्या पोरीला खोली द्यायला गावात कुणी तयार नव्हतं. हिनं दिली. पहिल्याच सकाळी दार उघडलं तर अंगणात शाळेचे हेडमास्तर पालथे पडलेले आणि माझी घरमालकीण त्यांच्या पाठीवर पाय उगारून उभी. आदल्या दिवशी ह्याच हेडमास्तरांनी मला 'विज्ञाननिष्ठ पिढी घडवायला हवी' असं सांगत चहा पाजला होता.

मी त्याच आठवड्यात पत्रक काढलं. पहिली प्रत तिलाच वाचून दाखवली. तिच्या तोंडावर, तिच्याच ओट्यावर बसून. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "येवढं लिवलंस, अन् महं नावच न्हाई टाकलं?"

"नाव कशाला? मी प्रथेविरुद्ध लिहिलंय, तुमच्याविरुद्ध नाही."

"मंग लोकायला कसं कळंल, लाथ कुठं भेटती ते?"

त्या दिवसापासून मी 'पत्रकवाली' झाले. तिला सगळं गाव मामी म्हणायचं, मीही मामीच म्हणू लागले. मामा, म्हणजे तिचा नवरा, कापसाच्या जिनिंगवर हमाली करायचे. त्यांच्या बापाची मेंढरं होती म्हणे, ह्यांच्यापर्यंत एक म्हैस उरली होती. माणूस गरीब, पण गरीबपणाचा मला राग येतो तो अशा वेळी: भूक लागली का विचारलं तरी हा माणूस आधी थोरल्या भावाच्या घराकडे बघायचा. थोरला भाऊ सोसायटीचा चेअरमन. गावात त्याला नावानं कुणी हाक मारत नसे, चेअरमन म्हणत. मामीलाही घरात काडीची किंमत नव्हती. म्हैस विकायची का, पत्रे कधी बदलायचे, कुणाच्या लग्नाला कुणी जायचं, सगळं चेअरमनच्या ओट्यावर ठरायचं आणि हिला स्वयंपाक करताना कळायचं. दिवस उजाडायच्या सुमारास मात्र तेच गडी एकेक करून हिच्या अंगणात मातीत तोंड घालून पडायचे.

बायांना ती लाथ मारत नसे. हेही तिचंच विक्षिप्त शास्त्र. बाई आली की तिला आत घेऊन दार लोटायची, तव्यावर मीठ भाजून फडक्यात बांधायची, शेक द्यायची आणि निघताना दम भरायची, "चार दिवस हंडा उचलू नको. सासूनं इचारलं तं सांग, मामीनं बंदी केली. मोडली तं उसण घरातल्या दुसऱ्याला लागती." सासवा घाबरायच्या. सुनांना चार दिवस हंड्यापासून सुटका मिळायची.

आमच्या संघटनेतल्या एकाला ही गोष्ट सांगितली, तर तो भारावून गेला. "केवढं लोकशहाणपण!" मला त्याचा राग आला. भीतीवर भीती रचून मिळवलेली सुटका ती. आज हंडा सुटतो, उद्या त्याच भीतीनं माणूस मरतो. तेव्हा मी हे नुसतं वादात म्हटलं होतं.

एकदा माझीच पाठ धरली. पत्रकांचा गठ्ठा उचलायला वाकले आणि वाकलेलीच राहिले. कशीबशी जमिनीवर आडवी झाले. दारात मामी. कमरेवर हात, डावा पाय जरासा उचललेला, तोंडभर हसू.

"बोल पत्रकवाली. हाणू का?"

"नको."

"शिवी देत न्हाई. तुह्यासाठी मुकी लाथ."

"मामी, मी मरेन, पण लाथ खाणार नाही."

"मर मंग," म्हणाली, आणि मीठ भाजायला गेली. माझ्या पोटऱ्यांखाली ज्वारीचं अर्धं पोतं सरकवलं, कमरेखाली शेक ठेवला, वर पुन्हा टोमणे. आणि निजून राहू दिलं नाही. दुपारी उठवून अंगणात चालवलं, "म्हातारीवानी का होईना, चाल." दोन-तीन दिवसांत कळ गेली. तेव्हा ती ओट्यावर तांदूळ निवडत होती.

"लाथ मारली असती तं लाथेनं गेली म्हन्ली असती. आता कशानं गेली?"

"आपोआप. बहुतेक उसण आपोआपच जाते, मामी. हेच तर मी लिहिलंय."

तिनं सूप खाली ठेवलं. "मला काय ठाऊक न्हाई का ते? लाथ न मारता बी जाती. पर मंग हे गडी मह्याम्होरं पालथे कधी पडणार?"

मी तिला बरंच सुनावलं. ग्रामसभेत उभी राहा, बांधाचा वाद आहे तर तहसीलला अर्ज कर, माणसासारखा मान मिळव. ती खडे वेचत राहिली. "त्ये तुमच्या जालन्यात," एवढंच म्हणाली.

बांधाचा वाद चेअरमनशी होता. वाटणीनंतर मामांच्या वावराचा बांध दर नांगरटीला नांगराच्या एका रेघेएवढा आत सरकायचा आणि मामा तोंडातून ब्र काढत नसत. मामीला तर बोलायची सोयच नव्हती. थोरल्या दिरापुढे सुनेनं पदर खाली येऊ द्यायचा नाही, बसायचं नाही, थेट बोलायचं नाही. काही सांगायचं तर ती भिंतीला सांगे आणि मामा ते चेअरमनला सांगत.

आणि एक दिवस चेअरमनची पाठ धरली. दोघा गड्यांच्या खांद्यावर हात टाकून आला, अंगणात पालथा झाला. आत चुलीपाशी बातमी गेली. मामी बाहेर आली ती नाकापर्यंत पदर ओढून. आता पंचाईत अशी, की लाथेआधी शिवी हवी आणि थोरल्या दिराला शिवी देता येत नाही. ती क्षणभर थांबली. मग गोठ्याकडे तोंड केलं आणि म्हशीला सुरुवात केली.

"लई माजलीस गं! सवताची गव्हाण भरलेली, तरी दुसऱ्याच्या गव्हाणीत तोंड! दावं लांब करीत करीत इथवर आलीस! धाकट्याचं खाऊन ढेकर देती! थांब, तुला आज दाखवते!"

म्हैस रवंथ करत होती. आणि लाथ बसली. इतक्या दिवसांत मी तशी लाथ पाहिली नव्हती. चेअरमनचं नाक मातीत घुसलं. गड्यांनी खाली माना घातल्या, एकाला ठसका लागला. चेअरमन उठला, लालबुंद झालेला. पण नियमानं बोलता येत नव्हतं. मागेही बघता येत नव्हतं. तसाच फाटकाबाहेर गेला.

त्या दिवशी ती भाकरी थापता थापता गुणगुणत होती. मी विचारलं, "मामी, कुणाच्या गव्हाणीचं बोलत होता?"

"म्हशीचं बोलून राह्यले मी. तू काय ऐकलं?"

"हेच समोर बोला ना त्याला."

"समोर बोलले तं तोंड फोडीन तो. पालथा हाये तवर बोलून घ्यायचं."

मला हसू आलं होतं. आज येत नाही.

पुढच्या थंडीत मला जाणवलं, की शिव्या लांबल्या आणि लाथ हलकी झाली. आधी एक शिवी आणि एक लाथ असायची. आता ती शिव्यांवर शिव्या द्यायची आणि शेवटी टाच नुसती पाठीवरून निसटायची. चुलीपुढून उठताना चौकट धरून उठायची. संध्याकाळ झाली की अंगावर गोधडी घ्यायची आणि कणकण आहे म्हणायची. पोलकं खांद्यावरून ओघळायला लागलं. एकदा न्हाणीतून तिनं मला पाणी द्यायला हाक मारली. ती पाठमोरी बसली होती. पाठीच्या मधोमध मणका वर आलेला, कातडीखाली सुपारी ठेवावी तसा.

"मामी, हे काय?"

तिनं झटकन लुगडं ओढून घेतलं. "काय न्हाई."

"दुखतंय?"

"रातीला ठणकतंय. पायाला मुंग्या येत्यात. जाईल."

"ही उसण नाही, मामी. ताप येतोय, वाळत चाललात, हाड वर आलंय. उद्याच्या उद्या जालन्याला चला, पाठीचा फोटो काढू."

ओल्या हातानं तिनं माझं मनगट पकडलं. तेवढी ताकद तिच्यात अजून होती. "कुठं बोल्लीस तं खोली खाली कर."

"का पण?"

"पायाळूची पाठ कधी धरती का? ऐकलंस कधी? लोकायला कळलं, का हिचीच पाठ धरली, त्या दिवसापून एक गडी ह्या अंगणात पालथा पडायचा न्हाई. मंग मी कोण? खरकटी काढणारी."

आमच्या भागातली ही दुसरी समजूत, पहिलीच्या पोटातली. जो दुसऱ्याची उसण काढतो त्याला स्वतःला ती होत नाही. तिनं ती किती खरी मानली होती मला अजून सांगता येत नाही. मुंग्या येणाऱ्या पायांनी ती रोज सकाळी लाथा मारत होती, एवढं खरं.

मी मामांना सांगितलं. खोली गेली तर गेली. मामा घाबरले आणि घाबरून गेले कुठे, तर भावाकडे. दुसऱ्या दिवशी चेअरमन अंगणात येऊन उभा राहिला. बोलला मामांशी, ऐकवलं तिला.

"पायाळूच्या पाठीला काय धाड भरती? बिलकुल काही न्हाई. थंडीचं कामाला कंटाळून राह्यली. अन् समजा भरलीच असंल, तं दवाखान्याचा खर्चा कशाला? धावड्याला दुसरा पायाळू हाये. घेऊन जा, एक लाथ घालून आण. बात खतम."

"चेअरमन, पायाला मुंग्या येणं, रोज ताप, हे साधं नाही. लघवीला त्रास झाला, पाय लुळे पडले, तर परत येत नाहीत. डॉक्टरला दाखवल्याशिवाय तिला कुणी हात लावायचा नाही. पायही नाही."

"तू पत्रकं वाट," तो म्हणाला. त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आत गेले तर मामी धावड्याला जायला तयार. हे मला आजही पचत नाही. चेअरमननं सांगितलं, मामांनी मान डोलावली, हे मी समजू शकते; त्या दोघांकडून माझी दुसरी अपेक्षाच नव्हती. पण हिला तर ठाऊक होतं. लाथेनं काही होत नाही हे मला तिनंच सांगितलं होतं, तांदूळ निवडता निवडता.

"जालन्याला गेले तं दवाखान्यात गावातलं कोणी ना कोणी भेटतंच," ती म्हणाली. "धावड्याला अंधारात जाऊ, तोंड झाकून. बरं वाटलं तं वाटलं. न्हाई वाटलं तं येऊ तुह्या जालन्याला. बराबर?"

"बराबर नाही," मी म्हटलं. आणि तरी रिक्षात बसले, कारण तिला एकटीला त्या दोघांच्या हवाली करायचं नव्हतं.

धावड्याचा पायाळू एक तरुण पोरगा निघाला. मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं त्याचं. त्याला हे सगळं अवघड होत होतं. दुकानामागच्या मोकळ्या जागेत त्यानं चटई टाकली. "मावशी, व्हा पालथ्या."

मामीला पालथं पडता येईना. हात कुठे ठेवायचे, तोंड कुठे फिरवायचं, काही कळेना. लोकांना तिनं आयुष्यभर पालथं पाडलं, स्वतः कधी पडली नव्हती. शेवटी मामांनी धरून निजवलं. पोरानं चप्पल काढली, अंगठा तिच्या पाठीवर टेकवला आणि लगेच उचलला.

"झालं, मावशी."

चटईतूनच तिचा आवाज आला. "टेकवू नको. हाण."

मी मध्ये पडले. मामांनी मला बाजूला केलं. त्या माणसानं आयुष्यात एकदा कुणाला तरी अडवलं, तर मला. पोरानं मामांकडे बघितलं, मामांनी मान हलवली, आणि त्यानं पाय मारला.

ती ओरडली नाही. रिक्षात बसवताना तिला दोघांनी उचलावं लागलं. परतीच्या वाटेवर भोकरदनच्या अलीकडे तिनं मला विचारलं, "पत्रकवाली, मही चप्पल तिथंच राह्यली का?"

चप्पल तिच्या पायात होती.

रिक्षा मी तशीच पुढे जालन्याला न्यायला लावली. मणक्याचा क्षय. डॉक्टर बाई समजूतदार होत्या, फोटो उजेडावर धरून त्यांनी मला खाल्लेलं हाड दाखवलं. ताप सुरू झाला तेव्हाच आणलं असतं तर बहुतेक नुसत्या गोळ्यांवर भागलं असतं, म्हणाल्या. मी विचारलं, लाथेनं झालं का? त्या म्हणाल्या, नक्की सांगता येणार नाही, हाड आधीच पोखरलं होतं, केव्हाही ढासळलं असतं. डॉक्टरांनी तसंच बोलायला हवं. मी डॉक्टर नाही, मला नक्की सांगता येतं. गावातल्या प्रत्येक पाठीला आराम मिळाला आणि तिच्या एकटीच्या पाठीला दुखायची परवानगी नव्हती, त्यानं झालं.

गोळ्यांनी रोग थांबला. पाय आले नाहीत.

गावानं काय म्हणावं? नास्तिक पोरीला घरात घेतलं म्हणून देवानं पायाचा गुण काढून घेतला. काही दिवस अंगण ओस पडलं. ती म्हणाली होती तसंच. पुढच्या खोलीच्या खिडकीतून मला तिची खाट दिसायची. सकाळ झाली की ती फाटकाकडे बघत पडून राहायची, मी पत्रकांच्या घड्या घालत बसायचे.

मग तीर्थपुरीकडचा एक माणूस आला. त्याला काही ठाऊक नव्हतं. कमरेवर हात ठेवून दारात उभा, एवढ्या लांबून आलेला, परत कसं पाठवायचं? मामांना युक्ती सुचली. त्याला खाटेपाशी खाली पालथं घातलं, तिचा डावा पाय दोन्ही हातांनी उचलला, खाटेवरून खाली सोडून त्याच्या पाठीवर ठेवला आणि पुन्हा उचलून गोधडीत घातला. माणूस चार दिवसांत बरा झाला. होणारच होता. पण बातमी फिरली: पायाळूचा पाय तो पायाळूचाच, जन्माचा गुण कुठं जात नाही. पुन्हा रांग लागली. आता शिवी नव्हती, कारण तिला बोलावंसं वाटत नसे. तिला कुणी विचारतही नसे. लोक थेट मामांना विचारत, "हाये का पाय मोकळा?"

ह्यावर मी पत्रक लिहिलं. आजवरचं सगळ्यात कडक. हेडमास्तरांनी ते शाळेच्या फाटकावरून काढायला लावलं.

गेल्या महिन्यात चेअरमन आला. पुन्हा पाठ धरलेली. तो घरात शिरल्याबरोबर मामीनं पदर नाकापर्यंत ओढला, खाटेवर निजलेल्या निजलेल्या. दिरापुढे खाटेवर आहोत ह्याची तिला अजून लाज. चेअरमन पालथा झाला. मामांनी एखादं काचेचं भांडं उचलावं तसा तिचा पाय उचलला, भावाच्या पाठीवर हळूच ठेवला आणि काढून घेतला. चेअरमन उठला. नियम पाळत, न बोलता, मागे न बघता गेला. मामा त्याला फाटकापर्यंत सोडायला गेले.

मी दारात उभी होते. पदराखालून आवाज आला.

"पत्रकवाली, लागली का गं त्याला?"

मला खोटं बोलता येत नाही असं नाही. पण तिच्याशी मी कधी खोटं बोलले नव्हते. "नाही, मामी. नुसती टेकवली."

मग तिनं पदर बाजूला केला. डोळे कोरडे, पहिल्यासारखे लबाड.

"पुढच्या टायमाला ह्यायला धरू देऊ नको. पाय तू धर. मी शिवी देते, तू हाण."

मी बाजारात उभं राहून सांगते, की लाथेनं पाठ बरी होत नाही. ते खरंच आहे, उद्याही सांगेन. पण चेअरमनची पाठ परत धरणार, हेही तेवढंच खरं. संघटनेनं मला अंबडला बदलून जायला सांगितलंय. मी नाही म्हणून कळवलं. ह्या अंगणातलं एक काम राहिलंय.